पंचेचाळिसाव्या वर्षी एम.ए. : कागद, हात आणि ३१ मार्च

२०२१ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी पुण्यातल्या एका पतसंस्थेत काउंटरला बसते. एक निवृत्त काका ठेवीचं नूतनीकरण करायला आले होते. त्यांनी पावती उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "बाई, व्याज एवढं का उतरवलंत?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "वरून आलंय." काका म्हणाले, "वरून म्हणजे कुठून?"

यावर माझ्याकडे काहीच नव्हतं. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, मे २०२० पासून ४ टक्क्यांवर आहे, एवढं मला पाठ होतं. त्या ४ टक्क्यांचा आमच्या शाखेतल्या काकांच्या दोन लाखांशी काय संबंध, हे मात्र बी.कॉम. होऊन २३ वर्षं झालेल्या मला सांगता येईना. काका गेले, पण तो प्रश्न माझ्या खुर्चीपाशीच राहिला. एम.ए. अर्थशास्त्र करायचं ठरलं ते असं. बढतीबिढतीचा संबंध नव्हता. आमच्याकडे बढती सेवाज्येष्ठतेनं मिळते.

दहा ते सहाची नोकरी, घरी सासूबाई, इंजिनिअरिंगला गेलेला मुलगा. त्यामुळे नियमित वर्ग शक्यच नव्हते. पुण्यात राहून मुक्त शिक्षणाचे तीन पर्याय दिसत होते: १९८५ पासूनचं इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ), १९८९ साली स्थापन झालेलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि आपल्या पुणे विद्यापीठाचा दूरस्थ विभाग. मी त्यातलं कुठलं घेतलं ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे एका अभ्यासकेंद्राबद्दल थोडी कुरकुर आहे. तुम्ही निवडताना तीन गोष्टी नक्की बघा: परीक्षा कुठल्या भाषेत लिहिता येते, परीक्षा केंद्र गावातच मिळतं का आणि जास्तीत जास्त किती वर्षांत पूर्ण करायला मुभा आहे. मला दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला चार वर्षांची मुभा होती. ती वापरायची वेळ येणार नाही असं तेव्हा वाटलं होतं.

ऑफिसात एकानं विचारलंच, "मुक्तची डिग्री चालते का हो?" चालते. विद्यापीठ अनुदान आयोगानं २ सप्टेंबर २०२२ ला पुन्हा एकदा स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त विद्यापीठाची मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. फक्त विद्यापीठाला मान्यता आहे एवढ्यावर थांबू नका. त्या वर्षासाठी, त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, ते आयोगाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

जुलै २०२२ च्या सत्रात प्रवेश घ्यायचा म्हणून मी मार्चमध्ये कपाटातली फाइल काढली. तिथून पुढचे चार महिने अभ्यासाचं एक पान वाचलं नाही. नुसते कागद.

पहिला धक्का म्हणजे माझ्याकडे पदवीच नव्हती. म्हणजे पास झाले होते, १९९८ साली, गुणपत्रकही होतं. पण पदवी प्रमाणपत्र घ्यायला मी कधी गेलेच नव्हते. तेव्हा लग्न ठरत होतं, नोकरीला गुणपत्रक पुरत होतं, आणि पदवीदान समारंभ वगैरे हुशार मुलांसाठी असतो अशी माझी समजूत होती. आता विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, विलंब शुल्क भरायचं, जुन्या गुणपत्रकांच्या प्रती जोडायच्या. मला सगळं मिळून दीड हजाराच्या आसपास खर्च आला आणि सात आठवडे लागले. मी शिकले तेव्हा ते नुसतं पुणे विद्यापीठ होतं. २०१४ मध्ये नामविस्तार झाला, त्यामुळे टपालानं आलेल्या माझ्या प्रमाणपत्रावर सावित्रीबाईंचं नाव होतं. चोवीस वर्षं आळस केल्याचा एवढा एक फायदा झाला.

दुसरा धक्का लॅमिनेशनचा. माझं बारावीचं प्रमाणपत्र सासूबाईंनी २००३ साली कौतुकानं लॅमिनेट करून आणलं होतं. अभ्यासकेंद्रावरच्या माणसानं ते उजेडात धरलं, नखानं कोपरा खरवडला आणि म्हणाला, "मॅडम, मागचा शिक्का दिसत नाही." लॅमिनेशन काढायला जाल तर शाईच निघून येते. शेवटी पदवी आल्यामुळे बारावीचं प्रमाणपत्र लागलंच नाही, पण तुमच्या घरी अजून सुटे कागद असतील तर ते प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, बास.

तिसरा आणि सगळ्यात मोठा प्रश्न नावाचा. माझं फक्त आडनाव बदललं असतं तर विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर भागलं असतं. पण आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात, तसं माझं पहिलं नावही बदललं. गुणपत्रकावरची मुलगी आणि आधार कार्डावरची बाई, दोघींचं एक अक्षर जुळत नाही. मला हसू आलं, कारण नावात एका वेलांटीचा फरक असला तरी लोकांचे केवायसीचे फॉर्म रोज परत करणारी मीच.

उपाय राजपत्राचा, म्हणजे गॅझेटचा. प्रतिज्ञापत्र करायचं, राज्य शासनाच्या मुद्रण विभागाच्या संकेतस्थळावर नावबदलाचा अर्ज भरायचा, शुल्क भरायचं आणि वाट बघायची. पहिला अर्ज परत आला, कारण जुनं नाव मी आधी आडनाव लिहून भरलं होतं आणि प्रतिज्ञापत्रात ते उलट क्रमानं होतं. दुसऱ्यांदा भरल्यावर तीन आठवड्यांत राजपत्र निघालं. प्रतिज्ञापत्र, नोटरी, शुल्क, झेरॉक्स धरून दोन हजार गेले. बायकांना एवढंच सांगते, प्रवेशाचा विचार मनात आला की अभ्यासक्रम नंतर निवडा, आधी नावाचं बघा. राजपत्राची ती पीडीएफ नंतर पॅन आणि बँकेसाठीही कामाला आली.

याच काळात मी एक वेडेपणाही केला. जुन्या कॉलेजात शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी चार खेपा घातल्या. "१९९८ ची रजिस्टरं वरच्या गोदामात आहेत, शिपाई सुट्टीवर आहे" हे वाक्य तीनदा ऐकलं. मग एका रात्री माहितीपुस्तिका नीट वाचली, तर तो दाखला मागितलेलाच नव्हता.

प्रवेश अर्ज ऑनलाइन भरला १९ जुलैला. फोटो इतक्या केबीचा, सही तितक्या केबीची, हे मुलानं दहा मिनिटांत केलं. मी आधी दोन संध्याकाळी त्यात घालवल्या होत्या. पहिल्या वर्षाची फी आठ हजारांच्या थोडी आत. प्राप्तिकराची सवय असल्यामुळे लगेच मनात आलं, हे ८०सीमध्ये बसेल का? बसत नव्हतं. त्या कलमात तेव्हा मुलांची ट्यूशन फी बसायची, तीही दोन मुलांपर्यंत, स्वतःची नाही. शिक्षणासाठी कर्ज काढलं तर व्याजाला ८०ईची सवलत स्वतःसाठीही मिळायची, पण आठ हजारांसाठी कर्ज कोण काढणार. आणि हे सगळं जुन्या करपद्धतीतच.

पुस्तकांचं खोकं आलं सप्टेंबरमध्ये, गणपती उठल्यावर. पहिल्या वर्षाला पाच विषय. पहिलं पुस्तक उघडलं आणि तिसऱ्या पानावर गणितातला डेरिव्हेटिव्ह भेटला. मी ते मिटून स्वयंपाकघरात गेले आणि विनाकारण डबे पुसले.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. मागणीची लवचिकता, सीमांत उपयोगिता असे शब्द वाचले की अर्थ चटकन लागायचा. इंग्रजीत तेच वाचताना प्रत्येक ओळीवर अडखळायचं. मग मी खालच्या पायरीवर गेले. बालभारतीची अकरावी-बारावीची अर्थशास्त्राची पुस्तकं मराठीत वाचली, ती संकेतस्थळावर फुकट आहेत. गणितासाठी एनसीईआरटीचं बारावीचं पुस्तक. इग्नूचं अभ्याससाहित्य त्यांच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर कुणालाही उतरवून घेता येतं, तुम्ही कुठेही प्रवेश घेतलेला असो. एका दोनशेपानी वहीत डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी, असं करत गेले. मला वाटतं, सगळ्या खर्चात ती ४० रुपयांची वही सर्वांत कारणी लागली. रविवारी दुपारी मुलगा मला डेरिव्हेटिव्ह शिकवायचा. "आई, हे सोपं आहे" हे वाक्य मी त्याला पाढे शिकवताना किती वेळा म्हटलं असेल, आणि ते ऐकणाऱ्याला किती टोचतं, ते कळलं.

वेळेबद्दल सगळे विचारतात. खरं सांगायचं तर वेळ मी काढला नाही, वयानं दिला. पाळी जाण्याच्या त्या वर्षांत पहाटे साडेतीनला घामानं जाग यायची आणि मग झोप लागायची नाही. तासभर कुशी बदलत पडून राहण्यापेक्षा मी उठून वाचायला लागले. ऑगस्ट २०२३ मध्ये मेट्रो वनाझपासून सिव्हिल कोर्टपर्यंत आणि पुढे सुरू झाली तेव्हा स्कूटर बंद केली. जाताना वीसेक मिनिटं, येताना वीसेक मिनिटं, हातात वही. त्याआधी स्कूटरवर जाताना मनातल्या मनात व्याख्या म्हणायचे. नळस्टॉपच्या सिग्नलला ओठ हलताना बघून शेजारच्या रिक्षावाल्याला वाटलं असेल, बाई जपाला बसलीय. चष्माही बदलावा लागला, ४,२०० रुपये. तो पहिल्याच महिन्यात करा, मी सहा महिने डोकेदुखीला अभ्यासाचा ताण समजत होते.

पण खरी पंचाईत हाताची होती. पंचवीस वर्षांत मी सह्या केल्या होत्या, व्हाउचरं भरली होती, संगणकावर नोंदी केल्या होत्या. सलग तीन तास लिहिलं नव्हतं. स्वाध्याय हातानं लिहून द्यायचे होते, आणि पहिल्या स्वाध्यायाच्या चौथ्या पानाला अंगठ्याच्या मुळातून कळ यायला लागली. घरात टीव्ही, कुकर, पाहुणे. म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये नवी पेठेत एक अभ्यासिका लावली, महिना १,२००. संध्याकाळी साडेसहा ते नऊ.

तिथे सगळी एमपीएससीची मुलं. बीड, लातूर, नांदेड, सोलापूरकडची. पहिल्या दिवशी एकानं विचारलं, "काकू, मुलाला सोडायला आलात?" दुसऱ्यानं विचारलं, "कंबाइन का राज्यसेवा?" मी म्हटलं, "अरे, खुल्या गटाची वयोमर्यादा ३८, माझी ती बस कधीच गेली." त्या महिन्यात ती मुलं आंदोलनाला बसली होती. मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार होती, ती २०२५ पासून करा अशी मागणी. तीन-चार संध्याकाळी अख्खी अभ्यासिका रिकामी, आणि मी एकटी पंख्याखाली बसून वर्णनात्मक उत्तरांचा सराव करतेय. मुलं परत आली, मागणी मान्य झाली होती. माझ्या वहीतलं अक्षर बघून एक जण म्हणाला, "काकू, सात ओळींनंतर अक्षर बसतंय तुमचं. जेल पेन सोडा, साधं बॉलपेन घ्या, जाड पकडीचं." तो सल्ला मी शेवटच्या पेपरापर्यंत पाळला.

मे महिन्यात घरी तीन तासांच्या सराव परीक्षा दिल्या. पर्यवेक्षक सासूबाई. समोर खुर्ची टाकून, मांडीवर गजराचं घड्याळ घेऊन बसायच्या. दीड तासानं मी पाणी प्यायला उठले तर म्हणाल्या, "अगं, बस खाली. तिथे उठू देणारेत का?" पहिल्या वेळी पाचपैकी साडेतीनच प्रश्न झाले. पाचव्या खेपेला पाचही झाले.

आता ३१ मार्चबद्दल. जूनच्या परीक्षेसाठी स्वाध्याय द्यायची शेवटची तारीख ३१ मार्च. पतसंस्थेत काम केलेल्या कुणालाही हे वाचून हसू येईल. त्या आठवड्यात आम्ही रात्री अकराला घरी जातो. जमाखर्चाची तेरीज जुळत नसली की साडेअकराला. पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला आणि २५ फेब्रुवारीलाच पाचही स्वाध्याय नेऊन दिले. पोचपावती घेतली, प्रत्येक पानाचे फोटो काढले. जुलैमध्ये एका विषयाचे स्वाध्यायाचे गुण दिसेनात. अभ्यासकेंद्रावर उत्तर मिळालं, "मॅडम, तुमचं पाकीट आलेलंच नाही." मी पावती पुढे केली. त्यांच्याच शिक्क्याची. तरी गुण चढायला नोव्हेंबर उजाडला आणि त्यासाठी पाच फेऱ्या झाल्या, त्यातल्या दोन अर्ध्या दिवसाच्या रजा टाकून. विषयाला ३० टक्के गुण स्वाध्यायाचे असतात. पावतीशिवाय पाकीट देऊ नका, एवढं माझं ऐका.

जून २०२३ ची परीक्षा. विषयाला २०० रुपये शुल्क, केंद्र सोलापूर रस्त्याच्या बाजूला मिळालं. वेळापत्रक बघताना मी ऑफिसच्या रजा बघितल्या, मुलाची परीक्षा बघितली, पंचांग मात्र बघितलं नाही. पालख्या १२ जूनला पुण्यात आल्या आणि १४ ला सकाळी हडपसरच्या वाटेनं निघणार होत्या. माझा एक पेपर १४ ला, सकाळी दहाला. वारी बघत मी लहानाची मोठी झाले, आणि हे माझ्या लक्षात आलं १२ तारखेच्या संध्याकाळी, टीव्हीवर बंद रस्त्यांची यादी ऐकताना. आदल्या रात्रीच हडपसरला नणंदेकडे मुक्कामाला गेले. सकाळी केंद्रापर्यंत चालत, अर्धा रस्ता वारकऱ्यांच्या उलट दिशेनं. एका माउलींनी हातातली कंपासपेटी बघून विचारलं, "मास्तरीण का?" मी म्हटलं, "नाही, विद्यार्थीण." त्यांनी कपाळाला बुक्का लावला. हॉल तिकिटावरचा फोटो आणि मी यांचा मेळ घालताना पर्यवेक्षकांनी त्या बुक्क्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

बाक शाळकरी मुलांचे, गुडघे आत जात नाहीत. दोन तासांनी कंबर बोलायला लागते. पुढच्या पेपरला पातळ उशी नेली, कुणी हरकत घेतली नाही. पाचही विषय सुटले. गणिती विषयात लेखी परीक्षेत ४१, उत्तीर्ण व्हायला ४० लागतात.

दुसऱ्या वर्षाची नोंदणी निकालाची वाट न बघता करायची असते, हे मला अगदी शेवटच्या आठवड्यात कळलं. त्याच सुमारास एबीसी आयडी मागितला. पुण्यातल्या माणसाला एबीसी म्हणजे अप्पा बळवंत चौक. मी खरोखर क्षणभर विचारात पडले की चौकाचा आयडी कसा काढायचा. तर ती अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स; २०२१ मध्ये सुरू झाली, डिजिलॉकरमधून बारा आकडी क्रमांक मिळतो, त्यात तुमचे श्रेयांक जमा होतात. बँकवाल्यांच्या भाषेत पासबुकच. इथेही आधारवरचं नाव लागतं, आणि राजपत्र पुन्हा उपयोगी पडलं. आता नव्यानं प्रवेश घेणाऱ्यांसाठी एक पायरी वाढली आहे: सप्टेंबर २०२४ च्या सत्रापासून मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा (डेब) डेब-आयडी काढावा लागतो, आणि तो काढायला आधी एबीसी आयडी लागतो. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी हे करायला बसू नका.

दुसऱ्या वर्षी ३१ मार्चनं मला गाठलंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सासूबाई घरात पडल्या, मनगट मोडलं. चार स्वाध्याय झाले, पाचवा राहिला. "मार्चच्या शेवटच्या रविवारी लिहीन" असं ठरवलं. ३१ मार्च नेमका रविवारी आला आणि तो रविवार मी शाखेत काढला. जूनमध्ये चार विषय दिले, पाचवा डिसेंबरवर ढकलला. दोन दिवस फार वाईट वाटलं. मग त्या चार वर्षांच्या मुभेची आठवण झाली. विषय होता चलनविषयक धोरण.

डिसेंबरच्या परीक्षेला स्वाध्यायाची मुदत ३० सप्टेंबरला होती. मी ऑगस्टमध्येच तो देऊन मोकळी झाले. थंडीत बोटं आखडतात म्हणून पेपराच्या आधी चहाचा थर्मास हातात धरून बसले. एक प्रश्न आला तो रेपो दरातला बदल ठेवींच्या दरांपर्यंत कसा पोचतो, याबद्दल. अकरा पानं लिहिली.

ते काका अधूनमधून येतात. जानेवारीत आले तेव्हा मी त्यांना हे सगळं समजावून सांगितलं, दहा मिनिटं, मागे रांग असताना. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "म्हणजे वरूनच येतं" म्हणाले आणि ठेव मोडली.

एकूण खर्च, दोन वर्षांची फी, परीक्षा शुल्क, कागदपत्रं, चार महिन्यांची अभ्यासिका, झेरॉक्स आणि चष्मा धरून ३४ हजारांच्या आत. रजा गेल्या एकोणीस.

निकाल फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी लागला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोनवर पाहिला, शेवटच्या विषयात ५८. बाजूच्या टेबलावर शिपाई मार्चअखेरीच्या थकबाकीच्या याद्या लावत होता, त्या घेतल्या आणि कामाला लागले. गुणपत्रक टपालानं आलं एप्रिलमध्ये. मी ऑफिसात होते, सासूबाईंनी सही करून घेतलं. संध्याकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर त्या दिसल्या, बरा झालेला हात पदराखाली, काखेत ते पाकीट. कुठे निघालात म्हणून विचारलं. "झेरॉक्सवाल्याकडे. जरा लॅमिनेट करून आणते."